सेगावचा लेख आणि लपलेली मुलं

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत सिनेगॉग पेटले, ज्यूंची दुकानं फुटली आणि हजारो पुरुष छळछावण्यांत डांबले गेले. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींनी ज्यूंवर लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये छापून आला. माणुसकीसाठी एखादं युद्ध कधी न्याय्य ठरलंच, तर ते जर्मनीविरुद्धचं ठरेल, इथपर्यंत ते गेले. पण युद्ध त्यांना मान्यच नव्हतं. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सल्ला दिला तो सत्याग्रहाचा: देश सोडू नका, मरण आलं तरी अन्यायापुढे झुकू नका.

या लेखाचे पडसाद सेगावातही उमटले. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या टॉल्स्टॉय फार्म या वसाहतीसाठी जमीन देणारे त्यांचे ज्यू स्नेही हर्मान कालेनबाख १९३९ च्या सुरुवातीला आश्रमात होते. अहिंसा त्यांच्या बुद्धीला पटत होती. हिटलरसाठी प्रार्थना मात्र त्यांच्याने होईना. गांधीजींनी ही अडचण 'हरिजन'मध्ये मोकळेपणानं मांडली. जेरुसलेमहून ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी या लेखाला लिहिलेल्या उत्तरात छळछावण्यांचा थेट सवाल होता.

पण त्या सल्ल्यात मुलं कुठे होती?

हा प्रश्न वर्ध्यालाच विचारायला हवा, कारण ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच शिक्षण परिषद भरून नई तालीम पुढे आली होती. हाताला काम असलेलं, निर्भय मूल हा तिचा पाया. त्याच काळात युरोपातल्या ज्यू मुलांना जगण्यासाठी भीतीच शिकावी लागली. डिसेंबर १९३८ पासून सुमारे दहा हजार मुलं ब्रिटनला पोहोचली. बहुतेकांचे आईवडील मागेच राहिले. ज्यांना निघता आलं नाही, त्यांतली काही पोटमाळ्यांवर, शेतघरांत, ख्रिस्ती मठांत लपली. खोटं नाव घोकायचं, परक्या प्रार्थना पाठ करायच्या, खिडकीपाशी जायचं नाही. सुंता झालेल्या मुलग्यांना धोका जास्त. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये तर ज्यूंना आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. ॲन फ्रँक ॲमस्टरडॅममध्ये तेराव्या वर्षी लपली आणि दोन वर्षांनी पकडली गेली.

ताठ मानेनं मरण पत्करायचं, तर आधी निवड करता यावी लागते. पाच वर्षांच्या पोराला ती कोण देणार? गांधीजींची तळमळ खरी होती, पण या मुलांसाठी त्यांच्या लेखात जागा नव्हती, असं म्हणावंच लागतं. सुमारे पंधरा लाख ज्यू मुलं मारली गेली. जी लपून वाचली, त्यांतल्या काहींना घ्यायला युद्धानंतर नातेवाईक आले, तेव्हा ती सांभाळणाऱ्या बाईलाच आई म्हणत होती आणि तिला सोडून जायला तयार नव्हती.