मॅन पेजची कुळकथा

गेवराईतल्या एखाद्या कॉलेजच्या लिनक्स संगणकावर 'पीएस -ईएफ' असा आदेश दिला, की लांबलचक यादी उतरते. त्यातली बरीच नावे चौकटी कंसात असतात. 2 या प्रोसेस क्रमांकाला, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाला, 'केथ्रेडडी' दिसतो. हे कंस कशाला? उत्तर त्याच संगणकात आहे, 'मॅन पीएस' या आदेशाने उघडणाऱ्या मॅन पेजवर, म्हणजे मॅन्युअलच्या पानावर. ज्या प्रोसेसची आदेशओळ मिळत नाही, तिचे नाव कंसात छापले जाते. कंसातली ही नावे बहुतेक कर्नल थ्रेडची असतात. ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच उभे करतो, म्हणून त्यांना आदेशओळच नसते.

या पानाचे कूळ न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये सापडते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे 3 नोव्हेंबर 1971. नाव, वापरायची रीत, वर्णन असा पानांचा साचा तेव्हाच ठरला. खाली 'बग्ज' म्हणजे माहीत असलेले दोष, आणि त्या भागाचा धनी कोण हेही. बालप्रोसेस संपण्याची वाट पाहणाऱ्या 'वेट'च्या पानावर त्यांनी सरळ नोंदवले आहे, की संपलेल्या बालप्रोसेसची पालकाने दखल घेतली नाही तर ती सिस्टीमच्या तक्त्यात जागा अडवून बसते आणि तक्ता भरला की सिस्टीमच जवळजवळ ठप्प होते. आज अशा प्रोसेसला झोंबी म्हणतात. स्वतःच्या कामातले वैगुण्य स्वतःच छापण्याची ही रीत मला त्या मॅन्युअलची सर्वांत मोठी देणगी वाटते.

लिनक्सने हाच साचा उचलला. आंद्रिस ब्राउवर यांच्यानंतर 2004 ते 2021 मायकेल केरिस्क यांनी ही पाने सांभाळली, पुढे आलेहांद्रो कोलोमार यांनी. सांभाळणे म्हणजे काय, ते थ्रेडच्या पानावर कळते. जुन्या 'लिनक्सथ्रेड्स' या थ्रेड लायब्ररीमध्ये एकाच प्रोग्रॅममधल्या प्रत्येक थ्रेडला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक धाग्याला, प्रोसेस क्रमांक सांगणारे 'गेटपीआयडी' वेगळा क्रमांक देई. युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या पॉझिक्स मानकाप्रमाणे तो सर्वांना एकच हवा. 2.6 कर्नल आणि 'एनपीटीएल' ही नवी थ्रेड लायब्ररी आल्यावर हे सुधारले. पण जुने प्रोग्रॅम जुन्या समजुतीवर लिहिलेले होते, म्हणून 'पीथ्रेड्स'च्या पानावर दोन्ही पद्धती आणि त्यांची मानकापासूनची फारकत मुद्दाम नोंदवलेली आहे. ती नोंद नसती, तर जुना प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्याला दोष आपल्या कोडमध्ये की लायब्ररीत, हे शोधण्यातच दिवस घालवावे लागले असते.

मॅन पेजखेरीज लिनक्स कर्नलचे स्वतःचे दस्तऐवजही आहेत. त्यांची भाषांतरे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांत आहेत. मराठी त्यांत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली संगणक शिकायला पुण्याला, संभाजीनगरला जातात. त्यांना माझी विनंती आहे: मॅन पेजमध्ये चूक दिसली तर नुसते पुढे जाऊ नका. दुरुस्ती करून ईमेलने पाठवा. तिथे पदवी विचारत नाहीत आणि शुल्कही लागत नाही. बदल बरोबर आहे का, हे पाहतात. आणि कर्नल थ्रेडवरचे एक पान मराठीत आणायला हरकत नाही.