जुन्या नियतकालिकांतील मध्ययुग

इतिहासाच्या व्याख्यानाला आम्ही जुनी पिवळी पाने घेऊन आलो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ही पाने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियतकालिकांची आहेत; त्यांवरील चित्रे मात्र त्याहून चार-पाचशे वर्षे मागच्या काळाची : किल्ले, चिलखती स्वार, राज्याभिषेक. अशी चित्रे जमविणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले एकच प्रकरण धरून बसलो, ते म्हणजे १३८१ सालचे इंग्लंडमधील शेतकऱ्यांचे बंड.

ही चित्रे गरिबाच्या घरात शिरली कशी, हे आधी पाहिले पाहिजे. १८३२ साली 'पेनी मॅगझिन' एका पेनीला निघाले, १८४२ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' सहा पेन्सला. वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर १८५५ साली उठला, कागदावरचा १८६१ साली. कॅसल कंपनीने तर इंग्लंडचा सचित्र इतिहासच पेनीच्या साप्ताहिक अंकांतून विकला. ज्याला ग्रंथ परवडत नव्हता, त्याने राजे पाहिले ते या चित्रांत.

आता अस्सल पान ओळखावे कसे? ही चित्रे बॉक्सवूड नावाच्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेली असत. ते झाड लहान, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे बोल्टांनी जोडीत. चित्रकाराने ठोकळ्यावर चित्र काढले, की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत, आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडीत. जोड नीट बसला नाही तर छापलेल्या चित्रात बारीक पांढरी रेघ उमटे. भिंगाखाली ही रेघ सापडली की आम्हाला मोठा आनंद होतो. येथे एकाचे काम संपले आणि दुसऱ्याचे सुरू झाले! नंतरच्या जाळीच्या छपाईत तेथे नुसते ठिपके दिसतात. दुसरी गोष्ट, कोरताना मूळ रेखाटन नाहीसे होई. १८६० नंतर छायाचित्राने रेखाटन लाकडावर उतरविता येऊ लागले, तेव्हा कुठे काही वाचली. त्यामुळे त्याआधीच्या चित्रांबाबत 'मूळ' म्हणावे असे जे काही उरते ते छापील पानच. (बांधीव खंडातून पान फाडून विकणाऱ्यांना मात्र आमचा नमस्कार! पाठीमागचा मजकूर गेला की चित्राची तारीखही गेली.)

बंडाचे चित्र बहुधा एकच असते. स्मिथफील्डचे मैदान, १५ जून १३८१. लंडनचा मेयर वॉलवर्थ वॉट टायलरवर शस्त्र उगारतो आहे आणि चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड घोड्यावर बसून पाहतो आहे. या मांडणीमागे फ्र्वासारच्या बखरीच्या हस्तलिखितांतील रंगीत चित्रे आहेत. त्यांतले प्रसिद्ध चित्र बंडानंतर सुमारे शंभर वर्षांनी एका इंग्रज उमरावाच्या प्रतीसाठी काढलेले. त्यात शेतकरीसुद्धा चिलखत घालून रांगेत उभे! म्हणजे उमरावाच्या पैशाने पाहिलेले बंड पुढे पेनीच्या अंकांतून मजुराच्या हाती आले.

चित्रात जे येत नाही तेच आम्हाला महत्त्वाचे वाटते. १३४८-४९ च्या महामारीने माणसे इतकी मेली की हाताला मजूर मिळेना. मजुरी चढू लागली. तेव्हा १३५१ साली कायदा करून ती महामारीपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. त्यावर माणशी डोईपट्टी तीनदा बसली. तिसरी डोईपट्टी १३८० सालची. बंड पेटले ते तिच्या वसुलीवरून. खंजीर काढता येतो, मजुरीचा कायदा कसा काढणार? तरीही तो काढला नाही, असे म्हणणे आम्हाला भाग आहे.

चित्राच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरेही वाचावीत. तेथे कधी लिंटन हे नाव सापडते. डब्ल्यू. जे. लिंटन हा उत्तम कोरक्या आणि कट्टर चार्टिस्ट, कामगारांना मताचा हक्क मागणारा. वॉल्टर क्रेन त्याच्याच हाताखाली उमेदवारी करून शिकला, आणि पुढे समाजवादी पत्रांसाठी चित्रे काढू लागला. परंतु बहुतेक ठिकाणी नाव असते ते कारखान्याचे. 'डॅल्झील' अशी सही असली, तरी ठोकळा कोरणारा हात त्या भावांपैकी कोणाचा, त्यांची बहीण मार्गारेट हिचा, की पगारी कारागिराचा, हे सहीवरून कळत नाही. त्या कारखान्याचे सुमारे ५४,००० नमुना-छाप ४९ खंडांत चिकटविलेले आहेत; ते १९१३ साली ब्रिटिश म्युझियमने घेतले आणि आज तेथेच आहेत.