चाकूच्या आधी चित्र

आमच्या शेलारच्या एका चाचांचे सारे आयुष्य यंत्रमागावर गेले. शौचावाटे रक्त जायचे. मूळव्याध समजून त्यांनी वर्षभर पुड्या खाल्ल्या, शरमेने घरातही सांगितले नाही. शेवटी परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तपासणी झाली आणि गुदाशयाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आधी एमआरआय सांगितला. "गाठ सापडली ना, मग आणखी फोटो कशाला?" असे घरचे विचारू लागले.

या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

1908 मध्ये लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी या रोगावरची मोठी शस्त्रक्रिया मांडली. पोटातून आणि खालून, दोन्हीकडून कापून गुदद्वारासकट सारा भाग काढायचा. रुग्णाच्या पोटावर कायमची पिशवी येई. क्ष-किरण 1895 मध्येच सापडले होते, पण साध्या क्ष-किरणात गाठ आतल्या मऊ भागात किती पसरली आहे ते कळत नसे. 28 फेब्रुवारी 1941 ला टाटा मेमोरियल उघडले तेव्हाही सीटी आणि एमआरआय यायचे होते. सीटीने पहिला रुग्ण 1971 मध्ये तपासला, एमआरआय त्यानंतर आला.

1982 मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी दाखवले की गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण न फाटता अखंड काढले, तर रोग त्याच जागी उलटणे खूप कमी होते. मग प्रश्न आला की गाठ त्या आवरणाच्या कडेपासून किती दूर आहे? ते एमआरआय शस्त्रक्रियेआधीच सांगू शकतो, हे युरोपातल्या 'मर्क्युरी' अभ्यासाने 2006 मध्ये सिद्ध केले. अंतर 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर सहसा आधी रेडिएशन आणि केमो देऊन गाठ आकसवतात, मग चाकू. यकृत-फुफ्फुसांकडे रोग गेला का, ते सीटी पाहते.

चाचांची गाठ कडेला टेकलेली होती, आणि खूप खालीही. आधी रेडिएशन झाले, मग शस्त्रक्रिया. पिशवी मात्र टळली नाही. त्यांना जिवापेक्षा नमाजची काळजी जास्त होती. हनफी फिकहमध्ये अशा माणसाला 'माजूर' म्हणतात. प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करायचा आणि नमाज पढायची. हे कळल्यावर ते रडले.

आता ते मशिदीत येतात. तरुणांना बाजूला घेऊन एकच सांगतात, "रक्त दिसलं तर शरमू नका, मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवू नका. मी वर्ष घालवलं."