‘पंधरा, पंधरा, हिरवा दिवा’

३१ ऑगस्ट १९८८. अमेरिकेतील डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर डेल्टा कंपनीचे उड्डाण क्रमांक ११४१, एक बोइंग ७२७, धावपट्टीच्या रांगेत बराच वेळ खोळंबले होते. कॉकपिटमध्ये एका हवाईसेविकेशी गप्पा रंगल्या होत्या. अपघातानंतर वैमानिकांच्या संभाषणाच्या ध्वनिमुद्रणातून वृत्तपत्रे काय काय छापतात, यावरही थट्टा झाली. मग फ्लाइट इंजिनिअरने यादी वाचावयास घेतली. ‘फ्लॅप्स?’ सहवैमानिकाने उत्तर दिले, ‘पंधरा, पंधरा, हिरवा दिवा.’ उत्तर बिनचूक होते. फ्लॅप मात्र मिटलेलेच होते, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. विमानातील १०८ जणांपैकी १४ जण मरण पावले.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे सरकते भाग. ते खाली आणि मागे आले की पंखाचा आकार व वळण वाढते, आणि जड विमान कमी वेगातही हवेत तरू शकते. ते न उघडता नेहमीच्या वेगाला नाक उचलले, तर पंखांना पुरेसा आधार मिळत नाही. या क्रियेला एका खटक्याहून अधिक श्रम नाहीत. म्हणूनच ती विसरण्याजोगी आहे.

विसराळूपणावरचा उपाय म्हणून चेकलिस्ट आली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे नवे बॉम्बर, मॉडेल २९९, सुकाणूचे कुलूप न काढताच उडाले आणि कोसळले. त्यानंतर वैमानिकांच्या हाती छापील यादी आली. पुढे प्रवासी विमानांत तिला संवादाचे रूप मिळाले : एकाने विचारावे, दुसऱ्याने पाहावे आणि सांगावे. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार परका वाटू नये. हा मोठ्याने म्हणावयाचा पाठ आहे, आणि पाठाचे जे होते ते त्याचेही झाले. शेकडो वेळा म्हटल्यावर उत्तर डोळ्यांकडून न येता जिभेवरूनच येऊ लागले. (वर्गात हजेरी घेताना गैरहजर मित्राच्या नावाला ‘हजर सर’ म्हणणारा निदान जाणूनबुजून म्हणतो.) १९९० मध्ये नासासाठी केलेल्या अभ्यासात असाफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी हेच नोंदवले : दांडी जिथे असावी तिथेच ती आहे असे वैमानिकाला खरोखर ‘दिसते’. तेव्हा सहवैमानिकाला खोटारडा म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

डॅलसच्या वर्षभर आधी, १६ ऑगस्ट १९८७ रोजी, डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या उड्डाण २५५ मध्ये ही यादी म्हटलीच गेली नव्हती. विमानातील १५५ जणांपैकी एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली. जमिनीवरचे दोघे मेले. फ्लॅप चुकले की ओरडावयाचा भोंगा त्या दिवशी गप्प होता, कारण त्याला वीजच मिळत नव्हती. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला स्पॅनएअरच्या उड्डाण ५०२२ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. यादीतील फ्लॅपची बाब येताच कॅप्टनने टॅक्सीची परवानगी मागावयास सांगितले आणि ती बाब राहून गेली. पुढे शेवटच्या तपासणीत सहवैमानिकाने आकडा मात्र बरोबर उच्चारला. भोंगा वाजला नाही. १५४ जण मेले. भोंग्यावरही भिस्त ठेवता येत नाही, हे ब्युनोस आयर्सने १९९९ मध्येच दाखवले होते : लापा कंपनीच्या विमानात भोंगा वाजतच राहिला आणि वैमानिक पुढे निघाले. त्या कंपनीतील माजी वैमानिक एन्रिके पिन्येरो यांनी २००४ साली ‘व्हिस्की रोमिओ झुलू’ हा चित्रपट काढला. तो पाहण्यासारखा आहे. पण तो स्वतंत्र विषय.

वेगाचे गणित हा याच दुखण्याचा दुसरा चेहरा. नाक कोणत्या वेगाला उचलावे, इंजिनाला जोर किती द्यावा, हे विमानाच्या वजनावर ठरते. आणि वजन कॉकपिटमध्ये कागदावरच्या आकड्याच्या रूपानेच येते. १२ मार्च २००३ रोजी ऑकलंडला सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाचे ३४७ टन वजन २४७ झाले आणि विमानाची शेपटी धावपट्टीवर घासत गेली. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला एमिरेट्सच्या एअरबसचे ३६२.९ टन लॅपटॉपमध्ये २६२.९ म्हणून शिरले. पुढच्या तपासणीत कागदावरचा चुकीचा आकडा सहवैमानिकाच्या नजरेस आला; लेखनिकाची चूक समजून त्याने २ चे ३ केले. लॅपटॉपमधले गणित मात्र तसेच राहिले. हस्तलिखितांचा पाठ शुद्ध करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल : प्रत सुधारली, पण तिच्यावरून निघालेली दुसरी प्रत अशुद्धच राहून वापरात गेली. त्या वैमानिकांना वेगवेगळ्या वजनांची विमाने उडवण्याची सवय होती, त्यामुळे १०० टनांची तूट कानाला खटकलीही नाही. ऐन वेळी कॅप्टनने इंजिनांना पूर्ण जोर दिला म्हणून २७५ जण सुखरूप परतले.

हॅलिफॅक्सला १४ ऑक्टोबर २००४ रोजी तसा वेळ मिळाला नाही. एमके एअरलाइन्सच्या मालवाहू बोइंग ७४७ चे वजन तेथे साडेतीन लाख किलोहून अधिक होते. लॅपटॉपमध्ये मात्र त्याआधीच्या ब्रॅडली येथील उड्डाणाचे २,४०,००० किलो हेच वजन राहून गेले, आणि त्यावरून निघालेले वेग कोणी ताडून पाहिले नाहीत. विमान धावपट्टी संपल्यावरच जमिनीवरून सुटले, मातीच्या बांधाला आपटले आणि त्यातील सातही जण मरण पावले.