मुलांसोबत प्राणिभेट : सेवाग्राम ते गोरेवाडा

सेवाग्रामच्या आश्रमात जपून ठेवलेल्या वस्तूंमध्ये एक पिंजरा आणि साप पकडण्याचा लाकडी चिमटा आहे. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते आणि परिसरात सापांचा वावर मोठा होता. आश्रमात शिरलेला साप न मारता पिंजऱ्यात घेऊन दूर रानात सोडला जाई. बापू कुटीपुढे कंटाळलेल्या मुलांना ही हकीकत येथेच सांगावी. प्राण्याला सोडण्यासाठीही पिंजरा असतो, हे प्राणिसंग्रहालय पाहण्यापूर्वी त्यांच्या कानी पडलेले बरे.

सेवाग्रामला प्राणिसंग्रहालय नाही. गायी मात्र आहेत. पांढरीशुभ्र गवळाऊ ही याच वर्धा भागातील जात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला वाघापेक्षा गायीचे अप्रूप अधिक वाटते, कारण तिला हात लावता येतो. तो राखणाऱ्याला विचारून, तिच्या नजरेसमोर राहून, मानेला लावावा. मागच्या बाजूने जाऊ नये, वासरू जवळ असल्यास लांबूनच पाहावे आणि नंतर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

वन्यप्राण्यांसाठी सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. कृषी महाविद्यालयाच्या अखत्यारीतील महाराजबाग शहराच्या मध्यभागी आहे. आटोपशीर असल्याने तीन-चार वर्षांच्या मुलांना तीच सोयीची. गोरेवाड्याची सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. येथे वाघ, बिबट, अस्वल मोठ्या आवारात मोकळे आणि बंदिस्त बसमध्ये बसतात ती माणसे! वाघ झाडाखाली झोपलेला असू शकतो, याची कल्पना मुलांना आधीच द्यावी. म्हणजे रडारड टळते. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले बोर अभयारण्य वर्धा जिल्ह्यातच आहे. पण तासन् तास गप्प बसण्याचे वय आल्यावरच तेथे जावे.

झोपलेल्या वाघाला उठवण्यासाठी शिट्ट्या मारणारे बहुधा मुलांचे वडीलच असतात. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेंगदाणे, बिस्किटे टाकण्यासही मनाई आहे.

प्राणिसंग्रहालये आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी. विदर्भातील उन्हाळा प्राण्यांना आणि मुलांना सारखाच जाचतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ उत्तम. दुपारच्या जेवणाआधी मुलांना घेऊन बाहेर पडावे.