संकेतस्थळावरील ध्वनी आणि मराठी बोलींच्या श्राव्य नोंदी

भाषा ही मूलतः ध्वनिरूप असते आणि लिपी ही तिची दुय्यम व अपुरी नोंद होय, हे तत्त्व भाषाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. तथापि भाषेचा इतिहास लिहिताना हाताशी येतात ती साधने बहुधा लिखितच असतात. नागपूरच्या परिसरात याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे वास्तव्य करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एका प्रधानाच्या तोंडून गोंडांचे लिंगोगीत उतरवून घेतले होते. १८६३ मध्ये हिस्लॉपचा पाण्यात बुडून अंत झाला. त्याचे कागद मध्यप्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल याने १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. गीताचे शब्द उरले, भाषांतर उरले; परंतु चाल, लय आणि गाणाऱ्याचा स्वर यांचा मागमूसही राहिला नाही. एडिसनचे ध्वनिलेखनयंत्र त्यानंतर अकरा वर्षांनी, म्हणजे १८७७ मध्ये सिद्ध झाले.

ग्रंथाच्या पृष्ठाला ध्वनी जोडता येत नाही, ही मर्यादा पुढे यंत्र आले तरी लगेच संपली नाही. शब्द एका ठिकाणी व आवाज दुसऱ्या ठिकाणी, अशी फारकत सुमारे शतकभर टिकली. ती संकेतस्थळाच्या पृष्ठावर कशी मिटली आणि मराठी बोलींच्या अभ्यासात तिचे फलित काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. तबकडी आणि ग्रंथ

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणास १८९४ मध्ये प्रारंभ झाला. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात वऱ्हाड व मध्यप्रांतातील मराठीचे नमुने आले. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे बोलीवार रूपांतर हा या नमुन्यांचा मुख्य साचा होता. नमुना कागदावर उतरवणारा बहुधा स्थानिक अधिकारी वा त्याचा कारकून असे. त्याच्या शिक्षित मराठीचा संस्कार लेखनावर किती झाला, हे ठरविण्याचे साधन वाचकापाशी नव्हते. या उणिवेची जाणीव ग्रियर्सन यांस नव्हती असे नाही. १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषा व बोलींच्या दोनशेहून अधिक ग्रामोफोन-मुद्रिका निरनिराळ्या प्रांतांच्या सरकारांमार्फत तयार झाल्या. परंतु त्या काळची तबकडी एका बाजूस तीन-चार मिनिटेच वाजे आणि तिच्या प्रती मोजक्या संस्थांतच राहिल्या. नागपूरच्या महाविद्यालयात खंड वाचणाऱ्यास ती ऐकण्याचा मार्ग नव्हता. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयाने ही मुद्रणे संकेतस्थळावर आणली, तेव्हा कोठे नमुना व उच्चार यांची शेजारी-शेजारी तुलना सामान्य विद्यार्थ्यास शक्य झाली.

२. पृष्ठाला ध्वनी कसा जडला

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत मांडलेली वेबची कल्पना प्रथम केवळ मजकुराची होती. चित्रे १९९३ च्या सुमारास पृष्ठात दिसू लागली. ध्वनीला मात्र आकारमानाची अडचण होती. ध्वनीचे अंकीय रूप करताना त्याची मापे सेकंदाला हजारो वेळा घ्यावी लागतात. सीडीच्या मानकानुसार ती ४४,१०० वेळा, प्रत्येकी १६ बिटांत व दोन वाहिन्यांवर घेतली जातात. म्हणजे एका मिनिटास एक कोटीहून अधिक बाइट. सेकंदाला २८,८०० बिट वाहणाऱ्या त्या वेळच्या मोडेमवर हे एक मिनिट उतरण्यास सुमारे ४९ मिनिटे लागत. भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, तेव्हाची स्थिती ही अशी होती.

यावर दोन उपाय निघाले. एक, संपूर्ण फाईल उतरण्याची वाट न पाहता येईल तसतसा ध्वनी वाजविणे. रिअल-ऑडिओने १९९५ मध्ये ही रीत रूढ केली. दुसरा, संक्षेपाचा. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून विकसित झालेली एमपी३ पद्धती मानवी श्रवणाच्या नियमांवर आधारलेली आहे. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानास ऐकू येत नाही. तो वगळला तर श्रोत्यास फरक जाणवत नाही आणि आकार सुमारे एक-एकादशांश होतो. येथे भाषाशास्त्रज्ञाने सावध राहिले पाहिजे. श्रोत्यास न जाणवणारा अंश ध्वनिशास्त्रीय मोजणीत महत्त्वाचा असू शकतो. यास्तव ऐकण्यासाठी संक्षिप्त प्रत संकेतस्थळावर ठेवावी आणि असंक्षिप्त मूळ प्रत संग्रहात जपावी, ही रीत मान्य झाली.

पृष्ठ उघडताच आपोआप वाजणारे पार्श्वसंगीत ही त्या आरंभकाळातील हौस होती. वाचकांस ती त्रासदायक ठरली आणि २०१८ पासून क्रोम या न्याहाळकाने तिला आळाच घातला. आवाज वाचकाने मागितल्यावर यावा, हा संकेत त्यामुळे दृढ झाला. २०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल५ मानकात ध्वनीसाठी स्वतंत्र खूण आली व जोड-प्रणालींची गरज संपली.

३. जात्यावरील ओवी

मराठीत या साधनाचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग ओव्यांच्या संग्रहात झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९५ नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांची संगणकीय सूची व ध्वनिमुद्रणे सिद्ध झाली. पॉइटव्हाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तले. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ओवीचा मजकूर, भाषांतर आणि गायिकेचा आवाज एकत्र येऊ लागला.

हा संयोग केवळ शोभेचा नव्हे. छापील ओवी आखीव चरणांची दिसते; गायिका मात्र अर्धा चरण पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ अशी संबोधने घालते, जात्याच्या फेऱ्याशी श्वास जुळविते. ओवीच्या छंदाची चर्चा केवळ अक्षरगणनेवर करणे किती अपुरे आहे, हे ऐकताक्षणी ध्यानी येते. पिठाच्या गिरण्यांनी जाते मागे सारल्यानंतर यांतील पुष्कळसे गायन विनंतीवरून झाले, हेही अभ्यासकाने विसरू नये.

४. नागपुरी-वऱ्हाडीचा प्रश्न

बोलींच्या बाबतीत डॉ. अ. मा. घाटगे यांच्या १९६३ पासून प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षण-पुस्तिका हा छापील परंपरेचा उत्तम नमुना होय. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाने भाषकांची मुद्रणे संकेतस्थळावर खुली केली. विदर्भाच्या बोलींस याचा विशेष लाभ आहे. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘पाणी’चे ‘पानी’, ‘मला’ऐवजी ‘मले’ हे भेद देवनागरीत लिहिता येतात. पण एकच व्यक्ती घरी ‘डोया’ व कचेरीत ‘डोळा’ म्हणते, त्या दोहोंमधील उच्चारांची छटा लिपी दाखवू शकत नाही. ‘चार’ व ‘चारा’ यांतील च-काराचा भेद तर प्रमाण लेखनातही अलिखितच राहतो. वाक्याच्या हेलाविषयी बोलावयासच नको. ज्या बोलीची साहित्यात बहुधा विनोदापुरतीच दखल घेतली गेली, तिचा खरा आवाज पुराव्यासह उपलब्ध होणे ही न्यायाची गोष्ट आहे.

५. टिकाऊपणा आणि संमती

तथापि दोन चिंता उरतात. पहिली टिकाऊपणाची. फ्लॅश या प्रणालीस २०२० च्या अखेरीस विराम मिळाला आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य ध्वनिपृष्ठे मुकी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला व तिचे ध्वनिसंग्रहाचे संकेतस्थळ दीर्घकाळ बंद पडले. लाखेची तबकडी शंभर वर्षांनीही सुईखाली बोलते. संकेतस्थळ एका रात्रीत गप्प होऊ शकते. एकाच आवाजाच्या अनेक ठिकाणी प्रती असणे हाच यावरील उपाय.

दुसरी चिंता संमतीची. भारतीय कायद्यात कलावंताचे स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले. परंतु कायद्यापलीकडेही प्रश्न आहे. १९९६ साली ध्वनिफितीसाठी गाणाऱ्या स्त्रीने आपला स्वर जगभर कोणत्याही क्षणी ऐकू येईल, अशी कल्पना केली नसावी. लिखित ओवीत गायिका निनावी राहू शकते. आवाजात ती ओळखू येते. म्हणून नाव, गाव, दिनांक व परवानगी यांची नोंद हा ध्वनीचाच एक भाग मानला पाहिजे.

हिस्लॉपच्या कागदांत त्या प्रधानाचा आवाज नाही, कारण साधन नव्हते. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. विदर्भातील जी बोली आज वृद्धांच्याच तोंडी उरली आहे ती उद्याच्या अभ्यासकास ऐकू आली नाही, तर दोष साधनाचा म्हणता येणार नाही.