परतीची तार : हौशी सीएनसी नियंत्रक आणि मोटर-ड्राइव्ह यांच्या जोडणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

विलेपार्ले या उपनगराची ओळख प्रामुख्याने शिक्षणसंस्थांमुळे निर्माण झाली. पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली सुरू झाले, तर लोकमान्य सेवा संघ १९२३ साली स्थापन झाला. येथे १९२९ साली उभ्या राहिलेल्या कारखान्याने उपनगराचेच नाव धारण केले आणि पार्ल्याचे बिस्किट देशभर पोहोचले. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. दरम्यान याच परिसरात श्री भागुभाई मफतलाल पॉलिटेक्निक आणि १९९४ साली स्थापन झालेले द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी तंत्रशिक्षणाची परंपरा रुजविली. वस्तू निर्माण करणारे यंत्र कारखान्यातून हलले. मात्र यंत्र निर्माण करू पाहणारा विद्यार्थी पार्ल्यातच राहिला.

हा विद्यार्थी धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून नियंत्रकाचे कार्ड, स्टेपर मोटर व ड्राइव्ह घेतो आणि प्रकल्पासाठी लहानसे सीएनसी यंत्र जोडतो. यंत्र बहुधा चालतेही. परंतु ते चुकल्यावर थांबते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे मूळ जोडणीच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. नियंत्रकाकडून मोटरकडे जाणाऱ्या तारा स्वस्त व सुलभ कशा झाल्या आणि मोटरकडून नियंत्रकाकडे येणारी तार मागे का पडली, हे स्पष्ट करणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

अंकनियंत्रणाचा आरंभ

अंकनियंत्रित यंत्राची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांच्या कार्यातून पुढे आली. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक घडविणे ही त्यांची गरज होती. अमेरिकी हवाई दलाच्या साहाय्याने हे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेले आणि १९५२ साली तेथे तीन अक्षांवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. छिद्रित कागदी फितीवरील आकडे निर्वात नलिकांच्या नियंत्रकाने वाचले व त्यानुसार यंत्राचा टेबल सरकला.

येथे एक बाब लक्षणीय आहे. आज्ञा दिल्यानंतर टेबल प्रत्यक्षात कोठे पोहोचला याची माहिती नियंत्रकाकडे परत येत असे आणि आज्ञा व स्थिती यांतील फरक शून्य होईपर्यंत मोटर चालविली जात असे. सर्व्हो या संकल्पनेचा गाभा हाच होय. म्हणजेच अंकनियंत्रणाचा आरंभ दुहेरी संवादाने झाला. एकेरी आज्ञा हे त्याचे नंतरचे रूप आहे.

स्पंद-मोटरीचा मोह आणि त्याग

दुहेरी संवाद महाग होता. त्यावर जपानने वेगळा उपाय शोधला. फुजित्सू कंपनीत सेइउएमोन इनाबा यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली विद्युत-द्रवचलित स्पंद-मोटर विकसित झाली. एका स्पंदास एक ठरावीक कोन, असे तिचे तत्त्व होते. स्पंद मोजून पाठविले की स्थिती निश्चित होते, असे गृहीत धरल्यामुळे मोजमापाची यंत्रणा वगळता आली. १९७२ साली फॅनुक ही स्वतंत्र कंपनी झाली; परंतु तेलसंकटानंतर त्याच कंपनीने आपल्या यशस्वी स्पंद-मोटरीचा त्याग करून विद्युत डीसी सर्व्होचा मार्ग स्वीकारला. मोठ्या उद्योगाने एकेरी आज्ञेची पद्धत अशा रीतीने १९७० च्या दशकातच मागे टाकली. तीच पद्धत पुढे हौशी कार्यशाळांत नव्याने प्रतिष्ठित झाली.

भारतात हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना १९५३ साली व सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूटची १९६२ साली बेंगळूर येथे झाली. तथापि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापर्यंत आयात परवान्यांमुळे नियंत्रक व ड्राइव्ह सामान्य कार्यशाळेच्या आवाक्याबाहेर होते. त्यामुळे बहुतेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सीएनसी म्हणजे कुलूपबंद कपाटातील विद्युत-यंत्रणा, एवढाच अर्थ उरला होता.

छपाईयंत्राचा वारसा

हे कपाट उघडले ते वैयक्तिक संगणकाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात संगणकावर चालणारी नियंत्रकप्रणाली विकसित केली. सार्वजनिक मालकीच्या या प्रणालीतून पुढे लिनक्ससीएनसी घडली. विंडोजवर आर्ट फेनर्टी यांची मॅक ही प्रणाली लोकप्रिय झाली. दोहोंनी यंत्राशी बोलण्यासाठी वापरला तो संगणकाच्या मागील पंचवीस पिनांचा समांतर पोर्ट.

हा पोर्ट मुळात छपाईयंत्रासाठी होता. त्यात बाहेर जाणाऱ्या बारा तारा होत्या : आठ अक्षरांसाठी व चार नियंत्रणासाठी. आत येणाऱ्या तारा केवळ पाच होत्या. छपाईयंत्र व्यग्र आहे, अक्षर मिळाले, कागद संपला, यंत्र निवडलेले आहे, दोष उद्भवला, एवढेच सांगणे त्यांच्याकडून अपेक्षित होते. सीएनसीत याच पाच तारांवर लिमिट स्विच, मूळस्थानाचे स्विच, इमर्जन्सी स्टॉप व स्पर्शक बसवावे लागले. बाहेर जाणाऱ्या बारांपैकी दोन तारा प्रत्येक अक्षास सहज मिळाल्या : एक पाऊल टाकण्याची, दुसरी दिशेची. आत येणाऱ्या तारांची मात्र टंचाई झाली आणि ड्राइव्हच्या दोषसूचनेस जागाच उरली नाही.

२००५ साली इटलीत आर्डुइनो कार्ड आले, त्याच वर्षी इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला आणि २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी आर्डुइनोवर चालणारी ग्रबल ही प्रणाली लिहिली. समांतर पोर्ट मागे पडला, परंतु त्याची रचना टिकली. आर्डुइनो उनोवरील मूळ ग्रबलमध्ये प्रत्येक अक्षास पाऊल व दिशा यांच्या तारा आहेत, लिमिट, विराम, रीसेट व स्पर्शक यांच्याही आहेत. ड्राइव्हच्या दोषसूचनेसाठी स्वतंत्र तार नाही. छपाईयंत्राच्या गरजेतून आलेली विषमता अशा प्रकारे नव्या कार्डातही वारसाहक्काने उतरली.

जोडणीचे तंत्र

सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्राइव्हवर एका पावलाचे आठ भाग केल्यास फेऱ्यास १६०० स्पंद लागतात. बॉल स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा असेल, तर एका मिलिमीटरला ३२० स्पंद पडतात. मूळ ग्रबलची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंदांची असल्याने टेबल मिनिटास सुमारे ५,६०० मिलिमीटर वेग गाठू शकतो. याच ठिकाणी फेऱ्यास १०,००० गणनांचा एन्कोडर असलेली सर्व्हो मोटर जशीच्या तशी बसविली, तर मिलिमीटरला २,००० स्पंद लागून वेग मिनिटास ९०० मिलिमीटरवर येतो. म्हणून सर्व्हो ड्राइव्हमधील इलेक्ट्रॉनिक गिअरचे प्रमाण बदलावे लागते. महाग मोटर बसवूनही यंत्र मंदावले, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

ड्राइव्हच्या प्रवेशद्वाराशी ऑप्टोकपलर असतो. आतील प्रकाशडायोड पेटला की स्पंद पोहोचतो. दोन बाजूंचा विद्युतसंबंध येत नाही. अधिक टोके एकत्र ५ व्होल्टला जोडून नियंत्रकाने उणे टोक खाली ओढावे, किंवा उणे टोके एकत्र करून अधिक टोकास स्पंद द्यावा, या दोन पद्धती आहेत. २४ व्होल्टचा नियंत्रक ५ व्होल्टच्या प्रवेशास थेट जोडल्यास डायोड जळतो. त्यासाठी सुमारे २ किलोओहमचा रोध मालिकेत घालतात. दिशा बदलल्यानंतर काही मायक्रोसेकंद थांबूनच स्पंद द्यावा लागतो, अन्यथा प्रत्येक वळणावर एक पाऊल चुकते आणि तास-दोन तासांनी कामाचा तुकडा वाया जातो. संकेताच्या तारा मोटरच्या तारांपासून दूर नेणे, शील्डचे अर्थिंग एकाच टोकास करणे आणि वीज चालू असताना स्टेपर मोटरची तार न काढणे, हे नियमही अनुभवातून घडले आहेत.

परतीच्या तारेचा प्रश्न

स्टेपरची पावले चुकली तरी नियंत्रकास ते कळत नाही, हे बहुतेकांस ज्ञात असते. म्हणून सर्व्होकडे वळण्याचा सल्ला दिला जातो. येथे एक गैरसमज संभवतो. पाऊल व दिशा या तारांनी जोडलेल्या सर्व्होत एन्कोडरची माहिती ड्राइव्हपर्यंतच येते. नियंत्रकापर्यंत येत नाही. हत्यार अडकले की ड्राइव्ह दोष ओळखून त्या अक्षाची मोटर सोडून देतो. नियंत्रक मात्र उरलेले अक्ष पूर्वीच्याच विश्वासाने चालवीत राहतो. चक्र पूर्ण झाले असते, पण ते ड्राइव्हच्या पेटीपुरते. १९५२ साली नियंत्रकाला जे दिसत होते, ते या महागड्या मोटरीनंतरही त्याला दिसत नाही.

यावर उपाय फारसा खर्चिक नाही. प्रत्येक सर्व्हो ड्राइव्हचे दोषसूचक टोक नियमित बंद राहणाऱ्या मालिकेत जोडून ती मालिका नियंत्रकाच्या रीसेट अथवा थांब्याच्या तारेवर आणता येते. लिमिट स्विचही नियमित बंद प्रकारचे घेतल्यास तार तुटली तरी यंत्र थांबते. नियमित उघड्या स्विचची तुटलेली तार मात्र कोणालाच कळत नाही. इमर्जन्सी स्टॉपने केवळ संगणकाला विनंती करू नये, तर मोटरींचा वीजपुरवठा प्रत्यक्ष तोडावा. २३० व्होल्टच्या सर्व्हो ड्राइव्हमधील संधारित्र वीज गेल्यावरही काही मिनिटे भारित राहतो, ही सूचना कपाटावर लिहिलेली असावी.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाराष्ट्रात हाताने यंत्र घडवीत शिकण्याचा विचार नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथेच २००२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब आणि २०२१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयांत आयडिया लॅब आल्या. साधने आली, ही निश्चितच स्वागतार्ह बाब आहे.

परंतु प्रकल्पाचे मूल्यमापन करताना यंत्राने अक्षरे कोरून दाखविली की गुण मिळतात. परीक्षकाने एन्कोडरची तार काढून, लिमिट स्विचची तार सोडून यंत्र थांबते काय हे पाहिल्याचे उदाहरण विरळाच. अशी चाचणी, हत्यार काढून व संरक्षक काच लावून, प्रात्यक्षिक परीक्षेचा भाग होऊ शकते. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. लागतो तो केवळ प्रश्नाचा क्रम बदलण्याचा निर्धार. यंत्र चालवून दाखवा, या आज्ञेपूर्वी यंत्र थांबवून दाखवा, ही आज्ञा यावयास हवी.

समारोप

पाऊल व दिशा या दोन तारांनी अंकनियंत्रण कारखान्याच्या कपाटातून विद्यार्थ्याच्या मेजावर आणले, हे त्यांचे ऐतिहासिक श्रेय होय. मात्र त्या स्वस्ताईची किंमत परतीच्या तारेने मोजली आणि तिचे कारण तंत्राच्या अपरिहार्यतेत नसून छपाईयंत्रासाठी आखलेल्या एका पोर्टच्या योगायोगात आहे. योगायोगाने आलेली उणीव जाणीवपूर्वक भरून काढता येते. पार्ल्यासारख्या उपनगरात, जेथे आता कारखान्याचा भोंगा वाजत नाही, तेथे यंत्राची शिस्त शिकविण्याची जबाबदारी महाविद्यालयांच्या कार्यशाळांवर आली आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला आज्ञा देण्याइतकेच उत्तर ऐकण्याचेही शिक्षण मिळाले, तर या दोन तारांच्या जोडीस तिसरी तार आपोआप येईल.